टोकियोतील ते इंग्रजी रेडिओ केंद्र चोचला नव्हते

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

परदेशांतील इंग्रजी रेडिओ केंद्रांवरचा कालच्या रविवार पुरवणीतला लेख मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा टोकियोच्या इंटरएफएमवरील परिच्छेदाशी येऊन थांबले. ‘सुबत्तेच्या काळात गोऱ्या साहेबांच्या करमणुकीसाठी काढलेला चोचला’ असे त्या केंद्राचे वर्णन लेखकांनी केले आहे. त्यांच्या व्यासंगाबद्दल मला आदर आहे. परंतु हे वाक्य चुकीचे आहे आणि ते माझ्या मनाला लागले आहे.

जपानची ती सुबत्ता नव्वदच्या दशकाच्या आरंभीच ओसरली होती. 17 जानेवारी 1995 रोजी कोबे परिसरात भूकंप झाला, 6,400 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि जपानी न समजणाऱ्या रहिवाशांना पाणी कुठे मिळते, निवारा कुठे आहे, एवढेही कळण्याची सोय नव्हती. त्या अनुभवातून ओसाकात त्याच वर्षी कोकोलो हे परभाषांतले रेडिओ केंद्र आणि टोकियोत एप्रिल 1996 मध्ये इंटरएफएम सुरू झाले. इंग्रजीखेरीज चिनी, कोरियन, पोर्तुगीज, स्पॅनिश अशा भाषांतूनही इंटरएफएमवरून प्रसारण होत असे. एरवी दिवसभर गाणी वाजत, हे मान्य आहे. पण त्या केंद्राचा जन्म गाण्यांसाठी झालेला नाही.

2011 साली आम्ही टोकियोच्या पूर्वेला निशी-कासाई येथे राहत होतो. माझी मुलगी आठ महिन्यांची होती आणि माझे जपानी भाजीच्या दुकानापलीकडे जात नव्हते. पुण्याहून नेलेल्या ट्रान्झिस्टरवर 88 मेगाहर्ट्झच्या खालचे काहीच लागत नसे आणि इंटरएफएम तेव्हा 76.1 वर होते. म्हणून शेजारच्या चेन्नईच्या बाईंच्या सांगण्यावरून, हाताने दांडी फिरवली की चालणारा एक पिवळा जपानी रेडिओ मी विकत आणला होता. 11 मार्चला दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी मोठा भूकंप झाला आणि इमारत हलू लागली. फोन लागेनात, गाड्या बंद पडल्या, यजमान शहराच्या मध्यभागातील ओतेमाचीहून अराकावा नदी ओलांडून रात्री पायी घरी पोहोचले. तोवर मुलीला कडेवर घेऊन मी एका हाताने ती दांडी फिरवीत होते, कारण बाहेर खांबावरच्या कर्ण्यातून जे सांगितले जात होते त्यातले मला एक अक्षर कळत नव्हते.

खरी परीक्षा पुढे होती. त्या भूकंपानंतर फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात अपघात होऊन किरणोत्सर्ग पसरला होता. 23 मार्चला दुपारी मुलीच्या बाटलीत दूध कालवण्यासाठी नळाचे पाणी उकळून निवत ठेवले होते, तेवढ्यात रेडिओवर बातमी आली, की कानामाची येथील जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किरणोत्सारी आयोडीन किलोमागे 210 बेकरेल (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) आढळले आहे. एक वर्षाखालील मुलांसाठीची मर्यादा 100 ची होती. लगोलग पुढचेही सांगितले गेले: शहराच्या तेवीसही प्रभागांत तान्ह्या मुलांना हे पाणी देऊ नये, मोठ्यांसाठीची मर्यादा 300 ची असल्याने त्यांनी प्यायले तरी चालेल, अंघोळीला व धुण्याला हरकत नाही. मी ते पातेले तसेच मोरीत ओतले. दुकानांतल्या बाटल्या तासाभरात संपल्या. दुसऱ्या दिवशी तान्ह्या मुलांमागे अर्ध्या लिटरच्या तीन-तीन बाटल्या वाटण्यात आल्या, प्रमाण मर्यादेखाली आले आणि सूचना मागे घेतली गेली. या प्रत्येक गोष्टीची बातमी मला त्या पिवळ्या रेडिओने मला समजणाऱ्या भाषेत दिली. त्या भाषेवर कोणा गोऱ्या साहेबाची मालकी नव्हती. आमच्या इमारतीत तमिळ, बंगाली, नेपाळी कुटुंबे होती आणि आम्हा सर्वांना जोडणारी भाषा मोडकीतोडकी का होईना, इंग्रजीच होती.

याच संदर्भात एक जुनी तक्रारही नोंदवते. त्याच आठवड्यात साताऱ्याहून माझ्या सासूबाई फोनवर रडत होत्या, कारण इथल्या मराठी वाहिन्यांवर ‘टोकियोचे पाणी विषारी’ अशी पट्टी दिवसभर फिरत होती. मर्यादा कोणासाठी, किती, किती दिवस, यांतले काहीही त्यांना कोणी सांगितले नव्हते. सासूबाईंना आठवडाभर नीट झोप लागली नाही. माझ्या भाषेतल्या बातम्यांनी माझ्या घरच्यांना घाबरवले आणि परक्या भाषेतल्या रेडिओने मला सावरले, याचे मला आजही वाईट वाटते.

मोबाइलच्या जमान्यात अशी केंद्रे बंद पडली तरी कोणाचे काही बिघडत नाही, असेही लेखात म्हटले आहे. नागोयाचे असेच केंद्र जून 2020 अखेर बंद झाले. लेखकांनी त्याचा उल्लेख ओझरता केला, पण पुढचा भूकंप आला की तेथील परभाषिकांनी काय ऐकायचे, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही. 11 मार्चच्या त्या संध्याकाळी माझा मोबाइल तासन्‌तास मुका होता.

इंटरएफएम आता 89.7 वर ऐकू येते. लेखातील स्थापनेचे कारण चुकले आहे, एवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
कोथरूड, पुणे