तुमचा बक्कल नंबर आणि माझं लंडन

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा 'जेवलात का' एवढं विचारून ठेवून दिला. म्हणून लिहितेय. कॉलेजातल्या नोकरीचा राजीनामा मी दिलाय, मंजूरही झालाय. दहा महिन्यांसाठी लंडनला चालले आहे, ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची, म्हणजे इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या कारभाराची दप्तरं वाचायला. इंग्रजी अमलातल्या पोलीस शिपायांवर पुस्तक लिहायचंय. आई, लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस. शिष्यवृत्तीत राहणं-खाणं भागतं, खोली गरम असते आणि डाळ-तांदूळ तिथेही मिळतात.

बाबा, तुम्ही म्हणाल, "पोलीस काय घरात कमी पाहिलेस?" घरात पाहिले म्हणूनच तर. रविवारी रात्री तुमच्या पट्ट्याचं पितळ मी ब्रासो लावून घासायचे आणि बोटं हिरवी व्हायची. तुमचा बक्कल नंबर मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात दोन वर्षं कसर लागलेली पानं उलटली, तर तिथेही शिपाई बहुतेकदा आकड्यातच सापडतो. अमुक इतकी माणसं, तमुक इतका पगार. साहेबांची मात्र पानंच्या पानं.

चार्ल्स फोर्जेटचंच घ्या. इथेच वाढलेला, मराठी-हिंदुस्थानी सफाईने बोलणारा मुंबईचा पोलीस अधिकारी. १८५७ च्या उठावात सोनापूरला गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घराच्या भिंतीला भोकं पाडून त्याने पलटणीतल्या शिपायांची खलबतं ऐकली. १५ ऑक्टोबरला आताच्या आझाद मैदानाच्या जागी त्यांच्यातल्या सय्यद हुसेन आणि मंगल गडिया यांना तोफेच्या तोंडी दिलं. फोर्जेटला व्यापाऱ्यांनी मोठी थैली दिली. त्याच्याबरोबर रात्री जागलेल्या पोलीस शिपायांपैकी एकाचंही नाव मला अजून मिळालेलं नाही.

मला सर्वांत लागलं ते पगाराचं. १८६० च्या पोलीस आयोगाने म्हटलं होतं की शिपायाला साध्या मजुरापेक्षा जास्त मिळालं पाहिजे. पुढच्या वर्षी पोलीस कायदा झाला, आपल्या मुंबई इलाख्याने १८६७ ला स्वतःचा वेगळा केला. आणि १९०२-०३ च्या फ्रेझर पोलीस आयोगाला पुन्हा सांगावं लागलं, पगार पुरत नाही, निदान महिना आठ रुपये तरी द्या! चाळीस वर्षं त्या माणसाला अर्धपोटी राबवलं आणि चिरीमिरी खातो म्हणून बदनामही त्यालाच केलं. आपल्या पणजोबांच्या पाटीलकीलाही १८६७ च्याच ग्रामपोलीस कायद्याने बांधलं होतं. माळ्यावरची त्यांची काठी टाकू नका.

एक गोष्ट लिहू की नको, असं चार दिवस चाललंय. सिंध जिंकणाऱ्या इंग्रज सेनापती नेपियरने १८४३ नंतर तिथे जे पोलीसदल उभं केलं त्याचा नमुना आयर्लंडचा होता. लोकांना धाकात ठेवायला उभारलेलं दल. तोच साचा पुढे आपल्याकडे रुजला. पुस्तकात हे मी लिहिणार आहे. बाबा, हे तुमच्याबद्दल नाही. गणपतीच्या त्या रात्री तुम्ही काय केलंत ते आख्ख्या पोलीस लाइनीला ठाऊक आहे. साचा कुणी घडवला आणि त्यात माणसं कशी जगली, या दोन्ही गोष्टी मला लिहायच्यात. माझ्या जन्माच्या वेळी तुम्हाला रजा मिळाली नव्हती. तुम्ही कधी बोलला नाहीत, पण आईने सांगितलंय.

आता ऐका. स्वयंपाकाच्या मावशी सोमवारपासून सकाळी साडेआठला येतील. आई, त्यांच्या मागे उभी राहून फोडणी शिकवायची नाही. न्हाणीघरात कठडा बसवायला माणूस येतोय, त्याला परत पाठवू नका. रक्तदाबाची गोळी निळ्या डबीतली, नाश्त्यानंतर. बाबा, टाकी बघायला गच्चीवर चढायचं नाही, म्हणजे नाही. गुडघ्याच्या डॉक्टरांची २२ तारीख दादाला कळवली आहे, रिक्षाने जा, चालत नको. रात्री पाण्याला उठलात तर दिवा लावून उठा. अंधारात चालायची नाईट ड्युटीची सवय आता सोडा.

आई, तू चार वाजता चहा टाकशील तेव्हा माझा एक कप चुकून जास्त होईल. तो बाबांना दे, साखर न घालता.

तुमची,
छकुली

ता. क. बाबा, रविवारी फोन करीन तेव्हा तुमचा पहिला पगार किती होता आणि त्यातून काय काय कापलं होतं ते सांगा. वही घेऊन बसते.