व्हूडू हा शब्द जरा जपून वापरा

संपादक साहेब, नमस्कार.

कुठं टाचण्या टोचलेली बाहुली सापडली की बातमीत लगेच 'व्हूडू' येतं, त्याबद्दल लिहितोय. हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या फॉन भाषेतला, मूळ 'व्होदून', अर्थ देवता किंवा आत्मशक्ती. जुनं दाहोमे राज्य म्हणजे आत्ताचा बेनिन, त्या भागातून हजारो माणसं गुलाम करून कॅरिबियन समुद्रातल्या, फ्रेंचांच्या ताब्यातल्या हैतीत उसाच्या मळ्यांवर नेली, त्यांच्यासोबत देवही गेले आणि शब्दही, मालकांनी सक्तीनं बाप्तिस्मा केला तरी लोकांनी कॅथलिक संतांच्या तसबिरीत आपलेच देव पुजले. १७९१ चा गुलामांचा उठाव याच व्हूडू धर्माच्या एका विधीतून सुरू झाला असं हैतीत मानतात, आणि १८०४ ला देश स्वतंत्रही झाला! केवढी मोठी गोष्ट आहे ही.

इंग्रजीत मात्र या शब्दाची पार रया गेली. १९८० मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढताना थोरल्या बुशनी प्रतिस्पर्धी रेगनच्या आर्थिक धोरणाला 'व्हूडू इकॉनॉमिक्स' म्हटलं, म्हणजे थापेबाजी. आणि बाहुलीला टाचण्या टोचणं तर युरोपातल्या जादूटोण्यातही जुनंच आहे.

हैती सरकारनं २००३ मध्ये याला धर्म म्हणून अधिकृत मान्यता दिली, बेनिनमध्ये दर जानेवारीत यासाठी राष्ट्रीय सुट्टी असते. लाखो लोकांची श्रद्धा आहे ही, तेव्हा आपल्याकडच्या भोंदूगिरीच्या बातमीत सरळ जादूटोणा लिहा, तो शब्द सगळ्यांना कळतो.

– एक नियमित वाचक, सोलापूर