लहान होड्यांना नांगरायला पुरेशी जागा हवी

महोदय,

लहान होड्यांसाठी जागा आखताना नकाशावरचे रिकामे पाणी मोजले जाते, पण नांगरलेली होडी एका जागी उभी राहत नाही, हे विसरले जाते. भरतीला चार मीटर खोली असेल, तर नांगर नीट धरावा म्हणून तिच्या सुमारे सातपट, म्हणजे 28 मीटर दोर सोडावा लागतो, आणि वारा फिरला की होडी तेवढ्या घेरात फिरते. दाटीत लोक दोर आखडतात. मग ओढ वरच्या दिशेने बसते, नांगर उचकटतो आणि होडी शेजारणीवर जाते. माझ्या होडीच्या नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, ओरखडा अशाच रात्रीचा आहे. अशा ठिकाणी तळाशी भक्कम वजन बसवून होड्या बांधायला कायमचे बोये, म्हणजे साखळीने तळाशी जखडलेले तरंगते पिंप, द्यावेत आणि त्यांच्या साखळ्या दरवर्षी तपासाव्यात.

– एक होडीमालक