न उघडलेली सीडी

प्रिय सुधीर,

सात महिने पत्र नाही याबद्दल आधी मनसोक्त शिव्या घाल आणि मग पुढे वाच. आमच्याकडे सर्व क्षेम. माझा रक्तदाब गोळीच्या आज्ञेत आहे. लिहायला बसलो तो एका कबुलीसाठी, जी तुझ्याखेरीज कोणालाही सांगितली तर तो मला वेड्यात काढील.

इमारत पुनर्विकासाला गेल्यामुळे जुने घर रिकामे करत होतो. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, नानांच्या पंचांगांखाली, 2004 साली तू न्यू जर्सीहून पाठवलेली ब्रिटिश गायिका मार्टिना टॉप्ली-बर्डची ‘एनिथिंग’ ही सीडी सापडली. वरचे प्लास्टिक तसेच होते आणि त्यावर किमतीची चिठ्ठी, जी खरवडायला तू नेहमीप्रमाणे विसरला होतास. होय, ती सीडी मी कधी उघडलीच नव्हती. तरीही मी तिच्यावर दोन पाने लिहिली आणि छापूनही आणली.

तो लेख तू विसरला नसशील, कारण त्यावरून तू माझ्याशी दीड वर्ष बोलला नाहीस. माझ्याकडे त्याच अल्बमची 2003 ची मूळ आवृत्ती ‘क्विक्झॉटिक’ होती, ब्रिटनच्या मर्क्युरी संगीत पारितोषिकाच्या नामांकन यादीत गेलेली, आणि तिच्या पारायणांच्या जोरावर मी ठरवून टाकले की अमेरिकेसाठी नाव बदलून, क्रम हलवून, काही गाणी वगळून काढलेली आवृत्ती म्हणजे खाटिकखाना. ब्रिस्टलच्या ट्रिकी या संगीतकाराच्या ‘मॅक्सिनक्वे’त जिने जवळपास सगळा अल्बम गायला पण मुखपृष्ठावर नाव फक्त ट्रिकीचे आले, तिला आठ वर्षांनी स्वतःच्या नावाचा अल्बम मिळाला आणि त्यालाही कात्री लागली, असा माझा टाहो होता. पुरावा काय, तर सीडीच्या मागे छापलेली गाण्यांची यादी.

आता तीनदा ऐकली. मला खरा त्रास याचा होतो की ती वाईट नाही. ‘सँडपेपर किसेस’मध्ये ती शब्द दातांआडून इतके सावकाश सोडते की ओळ संपली हे आपल्याला उशिरा कळते, ते दोन्हीकडे तसेच आहे. मला मात्र अजूनही मूळ आवृत्तीच प्रिय आहे. तिथे प्रास्ताविक तुकड्यानंतर ‘नीड वन’ची गिटार अंगावर येते, तेव्हा ब्रिस्टलच्या त्या धुरकट, पेंगुळलेल्या संगीताची अपेक्षा ठेवून बसलेला माणूस दचकतो, आणि मला ते दचकणेच हवे असते. पण हे म्हणण्याचा हक्क मी वीस वर्षे न ऐकता वापरला, त्याचे काय करू?

त्यात 2010 च्या ‘सम प्लेस सिंपल’ने माझी उरलीसुरली बाजूही पाडली. तिथे मार्टिनाने आपलीच जुनी गाणी मोजक्या वाद्यांवर उतरवून पुन्हा गायली आहेत. जिची गाणी, तिलाच त्यांचे एकच रूप पवित्र वाटत नसेल, तर मी कोणत्या देवळाचा पुजारी होतो? (हे वाक्य तू भांडणात वापरशील, म्हणून आधीच वापरून घेतले.)

आणि कान तुझाच तयार होता, हेही आता मान्य करतो. वसतिगृहात ‘मॅक्सिनक्वे’तले ‘ब्लॅक स्टील’ लागले असताना मार्टिनाच्या आवाजाखालचा ताल ऐकून तू पलंगावरून उठून ओरडला होतास, ‘अरे, हा तर ‘रोजा’तला रहमान!’ आम्ही तुला पाण्याची बादली दाखवली होती. रहमानच निघाला. त्या सबंध मजल्यावर नीट ऐकणारा एकटा तूच होतास, हे मला तेव्हाच कळले होते. त्या लेखातला अर्धा राग त्याचा होता, असे आता वाटते.

दुरुस्ती छापायची तर ते नियतकालिक केव्हाच बंद पडले, म्हणून दुरुस्ती तुलाच पाठवतो आहे. वहिनींची शस्त्रक्रिया नीट झाली ना? मुलीच्या प्रवेशाचेही कळव. किमतीची चिठ्ठी मी काढलेली नाही. चौदा डॉलर आणि काही सेंट. आजच्या भावाने पाठवू का?

तुझा,
बापू