मेडिकलवाल्या नानांना

आदरणीय नाना,
नमस्कार.

आमची अमळनेरला बदली झाली ती ऐन वैशाखात. गावात ओळख ना पाळख, सामान अजून खोक्यांतच, आणि दीड वर्षाच्या चिऊला जुलाब लागलेले. इथे लहान मुलांचा चांगला डॉक्टर कोण, एवढंच विचारायला मी तुमच्या दुकानात आले होते.

तुम्ही नाव लगेच सांगितलं नाही. पोर पाणी पितंय का, लघवी होतेय का, हे आधी विचारलंत. ओआरएसची लिटरवाली पुडी दिलीत: अख्खी पुडी एक लिटर पाण्यात, अर्धी-पाव करायची नाही, चमच्या-चमच्याने पाजत राहायचं. ‘घाबरू नको वं माय,’ म्हणालात आणि मग डॉक्टरांवर आलात.

गावभरच्या चिठ्ठ्या ज्याच्या काउंटरवर येतात, त्याच्याइतकं डॉक्टरांना कोण ओळखणार! पाटीवर एमबीबीएसच्या पुढे मुलांच्या आजारांचं एमडी किंवा डीसीएच आहे का बघ, म्हणालात. वजन करून मगच डोस लिहितात का, साध्या सर्दीला उगाच अँटिबायोटिक तर देत नाहीत ना, परत कधी यायचं ते स्वतःहून सांगतात का, तेही बघ. नाव एकच घेतलंत, बाकीच्यांबद्दल चकार शब्द नाही. आणि त्या दवाखान्याचं स्वतःचं मेडिकल आहे, म्हणजे तिथल्या चिठ्ठीचा रुपयाही तुमच्या गल्ल्यात येत नाही, हे मला नंतर कळलं.

डॉक्टरांनी चिऊचं वजन केलं, अंगातलं पाणी कमी झालंय का ते बघायला पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली. अँटिबायोटिक नाहीच. ओआरएस चालू ठेवा, झिंक 14 दिवस द्या, जुलाब थांबले तरी मध्येच सोडू नका. शौचातून रक्त पडलं, पाणी पिणं सोडलं किंवा पोर मलूल झालं तर रात्रीही या. एवढं नीट सांगितल्यावर माझा निम्मा घोर तिथेच गेला.

लसीचीही आठवण तुम्हीच करून दिलीत. 16 ते 24 महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर असतो, जुनं कार्ड घेऊन सरकारी दवाखान्यात जा, फुकट मिळतो. मिळाला.

तक्रार एकच. त्या डॉक्टरांकडे आता सकाळीच नंबर लावावा लागतो, आणि त्याला जबाबदार तुम्ही आहात नाना. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना तिथेच पाठवता!

तुमची,
चिऊची आई