आज निशाण कोणतं?

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हा मी बोलतच होतो. पलीकडे कोणी नाही हे कळायला जरा वेळ लागला. तुझी आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आता भिंतीला सांगा." म्हणून हे पत्र. यात तुझ्या ऑक्सफर्डच्या वल्हवण्याच्या बोटीबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

इकडे सगळं ठीक. हळदीला दर बरा आहे, पण यार्डात माल कमी. आजीचा गुडघा तसाच. बाळूने तुझी स्कूटी नेली ती अजून परत आणलेली नाही, आणि मी मागणारही नाही, कारण मग शालनचा फोन येतो.

बरगडी अजून दुखते का? "बाबा, आज मी खेकडा धरला" म्हणालीस तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, पोरीने ऑक्सफर्डात जाऊन रस्सा केला. मग रात्री शोधून वाचलं. वल्ह्याचं पातं वेळेवर पाण्याबाहेर निघालं नाही की पाणी ते धरून ठेवतं, बोट पुढं जाते आणि दांडा उलटा येऊन छातीत बसतो. कधी कधी माणूस बोटीबाहेर फेकला जातो. हे शेवटचं तू मला सांगितलं नव्हतंस.

झालं. पहिल्याच पानावर बोट आली.

आता आलीच आहे तर विचारतो. आठ जणींची ती बोट साठ फूट लांब आणि दोन फूटही रुंद नाही. तुम्ही सगळ्या जिकडे जायचं तिकडे पाठ करून बसता. पुढचं दिसतं ते फक्त सुकाणूवाल्या पोरीला, आणि जॅकेट घालायची सक्तीही तिलाच! वल्हवणाऱ्यांचे हात अडतात म्हणून त्यांना नाही. कारण समजलं, पटलं नाही. त्यात तुमचे बूट बोटीलाच पक्के बसवलेले. म्हणजे बोट उलटली तर पाय आधी सोडवायचे. त्या बुटांच्या टाचेला एक आखूड दोरी असते, तिच्यामुळे बूट जागेवर राहतो आणि पाय सुटतो. ती दोरी तुटलेली नाही ना, हे बसल्यावर रोज बघायचं. दुसऱ्या कुणी बघितलंय म्हणून सोडायचं नाही. आणि नोव्हेंबरचं पाणी म्हणजे आपली कृष्णा नव्हे. गारठ्याने पहिल्या मिनिटात धाप लागते, तेव्हा पोहायला जायचं नाही, नुसतं तरंगायचं आणि बोट धरून राहायचं. बोट बुडत नाही. किनारा कितीही जवळ दिसला तरी बोट सोडायची नाही.

हे तुला तिथे पहिल्याच दिवशी शिकवलं असणार. कपड्यांसकट पोहून दाखवल्याशिवाय तुला बोटीला हात लावू दिला नाही, हेही तूच सांगितलंस. ज्याला स्वतःला पोहता येत नाही त्याने हे लिहावं म्हणजे कमाल आहे. माफ कर.

तुला पोहायला अप्पांनी शिकवलं. हरिपूरला, वारणा येऊन मिळते तिथून जरा वर. पाठीला डबा बांधून तू पाण्यात आणि मी काठावर तुझा टॉवेल घेऊन उभा. चौथ्या दिवशी अप्पांनी न विचारता डबा सोडला. मी ओरडलो, तर ते पाण्यातून म्हणाले, "तू घरी जा." मी गेलो नाही, पण पाठ करून उभा राहिलो. ज्या हरिपूरच्या पेवांत आपली हळद असायची, ती पेवं २००५ च्या पुराने खाल्ली. तरी अप्पा नदीला कधी वाईट बोलले नाहीत. मला ते जमलं नाही.

माई घाटावर होड्यांच्या शर्यती असल्या की मीही जायचो, खोटं कशाला सांगू. सांगलीवाडीच्या, डिग्रजच्या, समडोळीच्या होड्या सुटल्या की एकदम पडणाऱ्या वल्ह्यांचा आवाज पोटात जाणवतो. दहावीत असताना एका होडीवाल्याने विचारलं होतं, "येतोस का?" मी नाही म्हणालो. घरच्यांनी नको म्हटलं असं सगळ्यांना सांगितलं. घरी मी विचारलंच नव्हतं.

२०१९ च्या पुरात माणसांना बाहेर काढणारी बोट जिथे उलटली, त्या ब्रह्मनाळचं नाव मी फोनवर काढायला नको होतं. तुझी चिडचिड तिथेच झाली. पण सई, ती बातमी कळली त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या गच्चीला बोट लागली होती. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फुटांवर इशारा, ४५ ला धोका, आणि त्या आठवड्यात पाणी ५७ वर गेलेलं. तुझी आई उतरली, आजीला उचलून ठेवलं, आणि माझे पाय कठड्यावरून हलेनात. तू सतरा वर्षांची होतीस. तू माझं मनगट धरलंस आणि हळू आवाजात म्हणालीस, "बाबा, माझ्याकडे बघा, पाण्याकडे नको." बोटीत बसल्यावरही तू हात सोडला नाहीस. तुझ्या पायात एकच चप्पल होती. हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. तूही बोलली नाहीस, तेही माझ्या लक्षात आहे.

तेव्हा तू का वल्हवतेस हा प्रश्न मला पडायला नको. चांदवडकडचा दत्तू भोकनळ विहिरी खणायचा, सैन्यात गेल्यावर वल्हं हातात घेतलं आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकला पोचला. हे मी परवा यार्डात तिघांना ऐकवलं आणि शेवटी "आमची सईपण" असं जोडून दिलं. एकाने विचारलं, "मग ती कधी जाणार?" म्हटलं, अजून खेकडे धरतेय.

आजीला मी सांगितलं, की ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलींची पहिली शर्यत १९२७ ला झाली, आपल्या आयर्विन पुलाच्याही दोन वर्षं आधी, आणि तेव्हा दोन्ही बोटी बरोबरीने सोडल्याच नाहीत, वल्हवण्याच्या ढबीलाही गुण होते. आजी म्हणाली, "म्हणजे मुलगी बघायलाच आले होते."

तिथे सकाळचे सहा म्हणजे इथे साडेअकरा. नेमके सौदे चालू असतात. मंगळवारी घड्याळाकडे बघत बसलो आणि एक चांगला ढीग हातचा गेला. पुराच्या दिवसांत तासातासाला आयर्विनची पातळी बघायचो, तसं आता तुमच्या नदीचं निशाण बघतो, बोट उतरवायची की नाही ते सांगणारं. हिरवं म्हणजे निवांत, लाल म्हणजे कोणी उतरायचं नाही, मध्ये निळं आणि पिवळं. तुझ्या आईला हे माहीत नाही, तिला वाटतं मी दर बघतोय.

पार्सलमध्ये हळद आणि घरचं तूप आहे. तळहाताचे फोड फोडू नकोस, रात्री तूप लाव. मेतकूट आईने टाकलंय. वल्हं धरलेला तुझा एक फोटो पाठव, पाठीकडून चालेल.

तुझा,
बाबा

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी पाहिलं. तीन दिवस पिवळं होतं, आज हिरवं झालंय. म्हणजे उद्या तू उतरणार. टाचेची दोरी बघ.