राजगिऱ्याच्या लाडवासाठी बशी देणाऱ्या बाईंस

इंग्लंडमधील नॉर्टन सेंट फिलिप या गावच्या जॉर्ज इन या जुन्या सरायीत त्या दुपारी बार सांभाळणाऱ्या बाईंस,
सादर नमस्कार.

आपण माझ्या आईसाठी जे केलेत, ते आपल्या लेखी रोजच्या कामातलेच असेल. परंतु ते आठवले की अजूनही माझा गळा दाटून येतो.

त्या दिवशी आईची एकादशी होती. सकाळी बाथ शहरातील एका उपाहारगृहात, दोघांचा चहा आणि माझा केक मागवलेला असूनही, तिने पिशवीतून डबा काढताच ‘बाहेरचे खाणे चालणार नाही’ असे तिला सर्वांदेखत खडसावण्यात आले. नियम असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला तो सांगण्याचीही काही रीत असते. आईने डबा मिटला आणि नंतर वाटेत ती फारशी बोललीच नाही.

म्हणून आपल्याकडे मी आधीच हळू आवाजात विचारले. आपण काही न बोलता आत गेलात आणि चिनी मातीची बशी व घडी घातलेला कापडी रुमाल घेऊन आलात. डब्यातला राजगिऱ्याचा लाडू आईने बशीत ठेवला, तेव्हा चहाची किटली आपण अशा अदबीने शेजारी मांडलीत, की तो लाडू आपल्याच स्वयंपाकघरातून आला आहे असे पाहणाऱ्याला वाटावे. पैसे मात्र चहाचेच घेतलेत. परवानगी पुष्कळ जण देतात. बशी कोणाला सुचते?

त्यानंतर आई खुलली. हे घर चौदाव्या शतकात हिंटनच्या मठातील कार्थुसियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी लोकर साठवण्यासाठी आणि लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या मुक्कामासाठी बांधले, आणि ते साधू मांस वर्ज्य करीत, हे मी सांगितल्यावर ‘मग माझा उपास इथे परका नाही’ असे ती हसून म्हणाली. खाली दगडी भिंती, वर लाकडी चौकटींचे मजले, मागे अंगण आणि पलीकडे चर्चपर्यंत पसरलेले हिरवे मैदान हे सारे तिने सावकाश पाहिले. प्रसिद्ध इंग्रज रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस 1668 च्या जूनमध्ये या गावात दहा शिलिंगांत उत्तम जेवला आणि चर्चच्या सहा घंटांच्या सुरेलपणाची नोंद त्याने रोजनिशीत केली. 1685 मध्ये इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड केलेल्या ड्यूक ऑफ मॉनमथचा मुक्काम तर याच घरात होता, आणि पुढे काही दिवसांतच सेजमूरच्या लढाईत त्याचा पराभव झाला. एवढ्या थोर पाहुण्यांची सवय असलेल्या घराने डबा घेऊन आलेल्या बाईलाही पाहुणीच मानले, याचे मला विशेष वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तेथे रात्रीच्या मुक्कामासाठी येणार आहोत. त्या दिवशी एकादशी नसेल याची काळजी मी घेईन, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरालाही आईला काही खाऊ घालता येईल.

आपला कृतज्ञ,
एका आईचा मुलगा